सहासष्ट फुटांची वाटणी

टोरोंटो शहराच्या मधून पूर्व-पश्चिम जाणारा ब्लूर स्ट्रीट ब्रिटिश मोजणीदारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आखला, तेव्हा तिथे जंगल होतं. त्यांच्या हातात ६६ फुटी साखळी होती. क्वीन स्ट्रीटच्या रेषेपासून उत्तरेला शंभर साखळ्या मोजायच्या, तिथे दुसरी रेषा आखायची आणि त्या रेषेवर एक साखळी रुंदीची पट्टी रस्त्यासाठी राखून ठेवायची, असा हिशेब. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे त्याच साखळीच्या अर्ध्या लांबीचा चौरस. सातबारा हाताळलेल्या मराठी माणसाला हे माप अगदीच परकं नाही. शहराच्या जुन्या वस्तीत ब्लूर आजही बहुतेक ठिकाणी तेवढाच, साधारण वीस मीटर रुंद आहे. त्यातच दोन्हीकडचे फुटपाथ, पार्किंग, मोटारी, मालाचे ट्रक आणि सायकली. वडिलोपार्जित जमीन वाढत नाही आणि वाटेकरी मात्र वाढत जातात, तशी ही वाटणी. त्यातल्या सायकलींच्या वाट्यावरून महापालिका, प्रांत सरकार आणि नागरिक यांच्यात जे भांडण पेटलं, ते मी तिथे गेले त्या सप्टेंबर २०२५ पर्यंत थेट राज्यघटनेपर्यंत पोचलं होतं.

मी उतरले होते मावसबहिणीकडे, एटोबिकोला. एटोबिको हे टोरोंटोचं पश्चिमेकडचं उपनगर. १९९८ मध्ये एटोबिको, नॉर्थ यॉर्क, स्कार्बरो अशा पालिका मोडून एकच मोठी टोरोंटो महापालिका केली, तोवर त्याचा कारभार वेगळा होता. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण भांडणाचं मूळ बरंचसं तिथे आहे. एटोबिकोतली घरं ऐसपैस, पुढेमागे अंगण, बसथांबा लांब आणि वाणसामानाचं दुकान त्याहून लांब. दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते. जुन्या शहरात घराला घर लागून आहे, भुयारी रेल्वेचं स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर, आणि पुष्कळ कुटुंबांकडे मोटार नाहीच. ही दोन्ही प्रकारची माणसं आता एकाच महापौराला मत देतात आणि एकच ब्लूर स्ट्रीट वापरतात.

पहिल्याच रात्री जेवताना विषय निघाला. मी सायकलने ब्लूर पालथा घालायचं ठरवून आले आहे, हे बहिणीने आधीच सांगून ठेवलं होतं.

"ताई, तुम्ही खुशाल चालवा," भाऊजी म्हणाले, "पण आमच्या भागातली ती लेन काढायला हवी, हे माझं स्पष्ट मत आहे. आधी जायला दोन लेन होत्या, आता एकच. पुढची गाडी डावीकडे वळायला थांबली की मागे सिग्नलपर्यंत रांग लागते. आणि जानेवारीत बघा, लेनमध्ये चिटपाखरू नसतं."

"चिटपाखरू नसतं काय? आपली पोर जाते ना त्याच लेनने युनिव्हर्सिटीत," बहीण म्हणाली.

"म्हणून तर जास्त जीव टांगणीला लागतो," भाऊजी म्हणाले.

त्या घरात हा वाद तात्त्विक नव्हता. वडिलांना रोज संध्याकाळी गाडीत जास्त वेळ बसावं लागत होतं, आणि मुलगी त्याच रस्त्याच्या कडेने सायकल मारत घरी येत होती. भाऊजींची तक्रार खोटी नाही, हे मी पुढच्या काही दिवसांत त्यांच्याच गाडीत बसून पाहिलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास एटोबिकोतल्या किंग्जवे भागात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात.

पण गर्दी फक्त ब्लूरवर नव्हती. एका रविवारी स्कार्बरोला ओळखीच्यांकडे जाताना आम्ही हायवे ४०१ घेतला. हा उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वर्दळीच्या महामार्गांपैकी एक. काही ठिकाणी तो १८ मार्गिकांचा आहे. सायकलचा तिथे प्रश्नच नाही, सिग्नल नाहीत, पादचारी नाहीत. तरी आम्ही तिथे ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो, आणि तेही सुट्टीच्या दिवशी. ह्याच ४०१ च्या खालून नवा बोगदा काढण्याची कल्पना ऑन्टारिओ प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, डग फोर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मांडली. रस्ते वाढवून गर्दी हटते का, ह्याचा सर्वांत गाजलेला अभ्यास टोरोंटो विद्यापीठातच झाला, आणि ते विद्यापीठ ब्लूर स्ट्रीटला लागून आहे. जिल ड्युरान्टन आणि मॅथ्यू टर्नर हे दोन अर्थशास्त्रज्ञ तेव्हा तिथे होते. अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी घेऊन त्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की महामार्गाच्या मार्गिका जेवढ्या प्रमाणात वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांवरचं मोटारींचं धावणंही वाढतं. रस्ता मोकळा झाला की जे घरी बसले होते ते बाहेर पडतात, जे बसने जात होते ते गाडी काढतात, आणि काही वर्षांत जैसे थे. पुण्या-मुंबईत उड्डाणपूल होण्याआधीचा आणि झाल्यानंतरचा चौक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे पटवून द्यावं लागणार नाही.

भाचीने तिची जुनी सायकल मला दिली आणि स्वतः बरोबर आली. इस्लिंग्टनच्या बाजूने निघालो. निघण्याआधी तिने दोन नियम सांगितले. गाड्या उजव्या बाजूने जातात हे क्षणभरही विसरायचं नाही; आणि ट्रामचे रूळ जिथे आडवे येतात तिथे ते काटकोनातच ओलांडायचे, तिरपं गेलं तर टायर खाचेत अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. ब्लूरवर हे रूळ डंडस वेस्ट आणि बॅथर्स्टला येतात.

एटोबिकोतली मार्गिका सर्वांत नवी, २०२३ मधली. रस्त्याच्या कडेला, फुटपाथला लागून सायकलींची पट्टी. तिच्या आणि मोटारींच्या मध्ये कुठे काँक्रीटचा बुटका कठडा, कुठे लवचिक प्लास्टिकचे खांब, कुठे रांगेने उभ्या केलेल्या गाड्या. चौकांत हिरवा रंग. ओल्ड मिलपाशी उतार लागतो आणि खाली हम्बर नदीचं खोरं उघडं होतं. पुलावर थांबून भाचीने हात करून उत्तर-दक्षिण दाखवलं. सायकलवाल्यांनी मागच्या छोट्या रस्त्यांनी जावं, असा विरोधकांचा आणि सरकारचा मुख्य आग्रह आहे. ऐकायला तो रास्त वाटतो. पण नकाशा वेगळंच सांगतो. टोरोंटोला पश्चिमेला हम्बरचं आणि पूर्वेला डॉनचं खोल खोरं चिरत जातं, मध्ये रेल्वेचे पट्टे आडवे येतात. छोटा रस्ता नदीकाठी येऊन संपतो, किंवा रेल्वेच्या तारेच्या कुंपणाशी. खोरं आणि रूळ ओलांडायची सोय मोठ्या रस्त्यांनाच आहे. सायकलवाला हौसेने ब्लूरवर येत नाही. पलीकडे जायला त्याच्याही नशिबी तोच पूल आहे.

नदी ओलांडल्यावर ब्लूर वेस्ट व्हिलेज लागतं. एकेकाळी युक्रेनियन वस्तीचा हा भाग, अजून त्यांच्या खुणा आहेत; बेकऱ्या, मांस-चीजची दुकानं, फुलवाले. १९७० मध्ये इथल्या दुकानदारांनी स्वतःवर जादा कर लावून घेऊन रस्ता सजवायची, सांभाळायची योजना काढली, आणि अशा प्रकारची जगातली ती पहिली संघटना मानली जाते. तेव्हा दुकानदारांचं म्हणणं इथे नेहमीच गंभीरपणे घेतलं जातं. त्यांना भीती असते पार्किंग जाण्याची: दारात गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक मॉलला जाईल. पुण्याच्या लक्ष्मी रोडचा व्यापारीही हेच सांगेल. ह्या भीतीची तपासणी ब्लूरवरच्याच ॲनेक्स भागात २००९ मध्ये एका अभ्यासाने केली होती. गिऱ्हाइकांनाच विचारलं, कसे आलात? गाडीने आलेले निघाले दहातले एक. दुकानदारांचा अंदाज मात्र जास्त होता. बाकीचे चालत, भुयारी रेल्वेने आणि सायकलने आलेले. गाडीवाला गिऱ्हाईक पार्किंगबद्दल काउंटरवर कुरकुर करतो, म्हणून तो लक्षात राहतो. चालत आलेला पाव घेऊन मुकाट्याने निघून जातो.

पुढे हाय पार्क. चारशे एकरांचं हे उद्यान वसंतात चेरीच्या बहरासाठी ओळखलं जातं. सप्टेंबरात ओकची दाट सावली होती. भरपूर माणसं सायकली लावून आत जात होती, त्यांत लहान मुलांना पुढच्या पेटीत बसवून आणलेल्या आयाही होत्या. संरक्षित मार्गिका असली की कोण रस्त्यावर उतरतं, हे इथे दिसतं. नुसत्या रंगाच्या पट्टीवरून चपळ, धीट, बहुतेक तरुण पुरुष जातात. मध्ये कठडा आला की मुलं येतात, साठी उलटलेल्या बायका येतात. माझ्यासारखीही येते. मी पुण्यात भर रहदारीत सायकल चालवणं केव्हाच सोडून दिलं आहे.

डंडस वेस्टचे रूळ काटकोनात ओलांडून, रेल्वेपुलाखालून आम्ही लॅन्सडाउन, डफरिनकडे निघालो. इथे गर्दीचं रूप बदललं. आमच्या मागेपुढे पाठीवर चौकोनी पिशव्या लावलेले, इलेक्ट्रिक सायकलवरचे तरुण. घरपोच जेवण पोचवणारे. त्यांत आपल्या देशातून शिकायला आलेली मुलं पुष्कळ. सिग्नलला एकाशी हिंदीत बोलले. तो पंजाबातून आलेला, कॉलेज सांभाळून हे काम करत होता. लेन नसलेल्या रस्त्यावर काय करतोस, असं विचारल्यावर म्हणाला, उभ्या गाड्यांचे दरवाजे बघत चालवतो, कारण धडक मागून बसते त्यापेक्षा दरवाजा उघडून जास्त बसते असं त्याच्या सोबत्यांचं सांगणं. ऑन्टारिओत अशा निष्काळजीपणे दरवाजा उघडण्याचा दंड २०१५ मध्ये वाढवला, सायकलपासून एक मीटर अंतर राखायचा नियमही त्याच वर्षी आला. नियम चांगले आहेत. पण त्या मुलाच्या अंगाला आणि दरवाजाला वेगळं ठेवायचं काम कठडाच करतो. ह्या वादात एका बाजूला 'हौशी सायकलवाले' असं चित्र वारंवार रंगवलं जातं. त्यात ह्या मुलांचा विचार कुणी करत नाही. ब्लूर त्यांच्या पोटापाण्याची जागा आहे.

कोरियाटाउनची धूप-मसाल्याची दुकानं मागे टाकून बॅथर्स्ट ओलांडलं की ॲनेक्स. माझ्या दृष्टीने ह्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, कारण टोरोंटोने रस्ता कुणाचा ह्या प्रश्नाची झुंज इथे पन्नास वर्षांपूर्वी एकदा लढून घेतली आहे. साठच्या दशकात स्पडायना एक्स्प्रेसवे नावाचा महामार्ग उत्तरेकडून ह्या वस्तीतून थेट शहराच्या मध्यात घुसवायचं ठरलं होतं. काम सुरूही झालं. शहरांविषयीच्या लिखाणाने जगभर गाजलेल्या जेन जेकब्स १९६८ मध्ये न्यूयॉर्क सोडून इथे आल्या आणि पुढे ब्लूरच्या जवळच ऑल्बनी ॲव्हेन्यूवर राहिल्या. त्या आणि त्यांचे शेजारी ह्या महामार्गाविरुद्ध उभे राहिले. १९७१ च्या जूनमध्ये तेव्हाचे प्रीमियर बिल डेव्हिस यांनी तो रस्ता अर्ध्यावर थांबवला. शहर मोटारींसाठी बांधायचं की माणसांसाठी, असा सवाल त्यांनी विधिमंडळात उभा केला आणि उत्तर माणसांच्या बाजूने दिलं. त्या महामार्गाचा बांधून झालेला तुकडा ॲलन रोड नावाने आजही आहे आणि एग्लिंटनपाशी एकदम संपतो. भाऊजी म्हणतात, तो पुरा केला असता तर तिथे रोज तुंबा लागला नसता. ॲनेक्सच्या गल्ल्यांतून, मॅपलच्या झाडांखालून, विटांच्या जुन्या घरांसमोरून सायकल चालवताना मला वाटत होतं, पुरा केला असता तर हे काहीच उरलं नसतं.

बिल डेव्हिस प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे. डग फोर्डही त्याच पक्षाचे. त्यांचे धाकटे भाऊ रॉब फोर्ड २०१० मध्ये टोरोंटोचे महापौर झाले, ते मोटारवाल्यांवरचा अन्याय संपवण्याचं आश्वासन देऊन; डग तेव्हा एटोबिकोतून नगरसेवक होते. जार्व्हिस स्ट्रीटवर २०१० मध्ये आखलेली सायकल मार्गिका रॉब यांच्या काळात २०१२ मध्ये खरवडून काढली गेली. ब्लूरचं काम मात्र हळूहळू पुढे सरकत राहिलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ॲनेक्स भागात शॉ स्ट्रीट ते ॲव्हेन्यू रोड असा २.४ किलोमीटरचा पट्टा प्रायोगिक म्हणून सुरू झाला. आधी मोजणी, नंतर मोजणी. सायकलस्वार ४९ टक्क्यांनी वाढले. मोटारींना सकाळच्या गर्दीत साधारण दोन आणि संध्याकाळी चार मिनिटं जास्त लागू लागली. सुरुवातीला ती याच्या दुप्पट होती, सिग्नलच्या वेळा बदलून निम्म्यावर आणली. दुकानांतली गिऱ्हाइकी घटली नाही, वाढली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरसभेने मोठ्या बहुमताने पट्टा कायम केला. पुढे करोनाकाळात तो दोन्ही दिशांना लांबला.

ती चार मिनिटं मी क्षुल्लक म्हणणार नाही. रोजची चार मिनिटं म्हणजे कुणाचं पाळणाघर बंद व्हायची वेळ. पण ती कशाच्या बदल्यात गेली, हेही त्याच वहीत मांडायला हवं.

ॲव्हेन्यू रोडच्या चौकाजवळ वेग कमी करायला भाचीने खूण केली. जुलै २०२४ मध्ये इथे बांधकामाच्या राडारोड्याचा मोठा डबा सायकल मार्गिकेत ठेवलेला होता. एक तरुणी त्याला वळसा घालायला मोटारींच्या मार्गिकेत गेली आणि ट्रकखाली सापडली. टोरोंटोत सायकलस्वार मेला की त्या जागी पांढरी रंगवलेली सायकल ठेवायची पद्धत आहे. २०२४ मध्ये शहरात सहा सायकलस्वार मेले. ह्या चौकात मार्गिका होती, तरी मृत्यू झाला, म्हणून तिचा उपयोग नाही असंही कुणी म्हणेल. मला उलटं दिसतं. मार्गिका जिथे तुटली, नेमकी तिथे ती मुलगी गेली.

इथून दक्षिणेला क्वीन्स पार्कला वळसा घालून, विधिमंडळाच्या इमारतीवरून रस्ता युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर उतरतो. आम्ही थोडं आत जाऊन आलो. दोन्ही बाजूंना रुग्णालयंच रुग्णालयं: लहान मुलांचं सिककिड्स, माउंट सायनाय, टोरोंटो जनरल, प्रिन्सेस मार्गारेट. रुग्णवाहिका अडकतात हा आरोप इथे सर्वांत जोराने होतो, आणि विचारात घेण्याजोगा तो हाच. पण त्याच रुग्णालयांतले कितीतरी डॉक्टर आणि नर्स सायकलने कामावर येतात, आणि मार्गिका राहू द्या असं जाहीरपणे सांगणाऱ्यांत डॉक्टर होते. अपघातात सापडलेली माणसं शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रांत सरकारने कायदा केला. यापुढे मोटारींची मार्गिका घेऊन सायकलला द्यायची तर प्रांताची परवानगी लागेल, आणि ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी ह्या तीन रस्त्यांवरच्या मार्गिका सरकार स्वतः काढेल. उद्देश कायद्याच्या नावातच होता: कोंडी कमी करणं, लोकांचा वेळ वाचवणं. कामावर सायकलने जाणारे जेमतेम सव्वा टक्का आहेत, हा सरकारचा आकडा. महापौर ऑलिव्हिया चाव, ज्या स्वतः वर्षानुवर्षं सायकल चालवतात, त्यांच्या महापालिकेने हिशेब मांडला: मार्गिका बांधायला २ कोटी ७० लाख डॉलर लागले होते, काढायला ४ कोटी ८० लाख लागतील.

सायकल टोरोंटो ही संस्था आणि दोन सायकलस्वार कोर्टात गेले. ऑन्टारिओच्या सुपीरियर कोर्टाचे न्यायमूर्ती पॉल शाबस यांनी एप्रिल २०२५ मध्ये काढणी थांबवली आणि ३० जुलैला निकाल दिला. सायकल मार्गिका हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे, असं ते म्हणाले नाहीत. निकालाचं हे मर्म अनेकांच्या नजरेतून सुटतं. त्यांनी म्हटलं ते असं: असलेलं संरक्षण काढून सरकार माणसांचा जीव धोक्यात घालत असेल, आणि ज्यासाठी घालतं तो हेतू साध्य होण्याचा पुरावाच नसेल, तर ते कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या सातव्या कलमाशी, म्हणजे जीवित आणि शारीरिक सुरक्षिततेच्या हक्काशी, विसंगत आहे. पुरावा तर सरकारच्या स्वतःच्या कागदांतच उलटा होता. सरकारने नेमलेल्या अभियांत्रिकी सल्लागारांनी मसुद्यात इशारा दिला होता की मार्गिका काढल्यास अपघात ५४ टक्क्यांपर्यंत वाढू शकतात, आणि कोंडी हटेलच असं नाही. सरकारने अपील करण्याचं जाहीर केलं.

आमच्या सायकलफेरीच्या त्या संध्याकाळी यंग स्ट्रीटचा गजबजाट ओलांडून आम्ही पूर्वेला डॉनच्या खोऱ्यावरच्या पुलावर आलो. इथे मी बराच वेळ थांबले. १९१८ चा हा पूल. खाली दूरवर नदी, झाडी आणि डॉन व्हॅली पार्कवेवर दोन्ही दिशांनी खोळंबलेल्या मोटारींचे दिवे. हा पूल बांधताना शहरात भुयारी रेल्वे नव्हती, ती कधी होईल हेही ठरलं नव्हतं. तरी बांधकाम खात्याचे आयुक्त आर. सी. हॅरिस यांच्या काळात पुलाला रेल्वेसाठी खालचा मजला ठेवला गेला. १९६६ मध्ये भुयारी रेल्वे आली आणि त्याच मजल्यावरून धावू लागली. आज त्या गाडीतून आणि वरच्या रस्त्यावरून जी माणसं खोरं ओलांडतात, त्यांतली निम्मीही मोटारींत बसून ह्या पुलावर मावली नसती. कोंडीचं खरं उत्तर मला त्या खालच्या मजल्यात दिसतं. एटोबिकोच्या टोकाच्या वस्त्यांपर्यंत अशी गाडी किंवा दर पाच मिनिटांनी बस पोचली, तर भाऊजींना गाडी काढावी लागणार नाही. एग्लिंटनवरच्या नव्या रेल्वेमार्गाचं काम २०११ पासून चालू होतं आणि वर्षानुवर्षं रखडत गेलं. कोंडीवर बोलायचं तर सरकारने तिथे बोलायला हवं होतं. सायकलची दीड-दोन मीटरची पट्टी उखडून गाड्यांची रांग शंभर पावलं पुढे जाईल आणि पुढच्या सिग्नलला थांबेल.

पुलापलीकडे डॅनफर्थ, ग्रीक लोकांची पेठ. तिथल्या मार्गिका त्या कायद्याच्या यादीत नाहीत. २०२० मध्ये तिथे मार्गिका आणि हॉटेलांची टेबलं एकाच वेळी रस्त्यावर आली. आम्ही एका दुकानाबाहेर बसून खाल्लं. ओल्ड मिलपासून इथवर बारा-एक किलोमीटर, आणि एवढ्या वाटेत मला एकदाही मागून येणाऱ्या ट्रकची धडकी भरली नव्हती.

पुण्याला परतल्यावर हे सगळं अधिक टोचतं, कारण एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून देशात नाव होतं ते पुण्याचं. इथे सायकल मार्गिका झाल्याच नाहीत असं नाही. २००६ मध्ये बीआरटी, म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका, आली तेव्हा तिच्या कडेने झाल्या. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला, पाठोपाठ भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्या. पण आपली मार्गिका शे-दोनशे मीटर जाते आणि मध्ये झाड येतं, विजेचा डबा येतो, रिक्षा थांबा येतो, उभ्या दुचाकी येतात. जिथे मोकळी असते तिथून दुचाकी धावतात. मग ती कुणी वापरत नाही, आणि कुणी वापरत नाही म्हणून तिची जागा परत घ्या अशी मागणी होते. आधी कधीच मोजलेलं नसल्यामुळे दोन्ही बाजू नुसत्या आवाजावर भांडतात. टोरोंटोच्या मार्गिका त्या निकालात टिकल्या त्या शहराकडे कित्येक वर्षांची मोजणी होती म्हणून: किती सायकली, किती मिनिटं, किती गिऱ्हाईक, किती अपघात.

पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, कुठेही तुमच्या रस्त्याचा नवा आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होईल तेव्हा तो उघडून बघा, आणि लेखी हरकतीत तीन गोष्टी मागा: मार्गिका चौकासकट सलग असावी, मोटारी आणि सायकली यांच्यात रंगाऐवजी कठडा असावा, आणि काम सुरू होण्याआधी व झाल्यावर सहा महिन्यांनी त्या रस्त्यावरून वाहनं किती गेली याऐवजी माणसं किती गेली, याची मोजणी जाहीर व्हावी. हरकत नोंदवायला मुदत बहुधा महिनाभराचीच असते, ती चुकवू नका.